सीओपीडी आणि ऑक्सिजनचे चार्ट कोड करताना या चुका टाळा

रविवारी सकाळी विश्रामबागेत घरच्या हॉलमध्ये मी सात-आठ पोरापोरींना मेडिकल कोडिंग शिकवतो, म्हणजे पेशंटच्या चार्टमधल्या निदानांना ठरलेले कोड लावायचं काम. कुणी बीफार्म, कुणी बीएचएमएस, एक जण मिरजेत नर्स. चार्ट अमेरिकेतले, चहा आपला. आणि दर बॅचला चूक तीच: सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचा, पेशंट घरी ऑक्सिजनवर आहे असं वाचलं की हात थेट जे९६.११ वर.

अरे, तो कोड क्रॉनिक रेस्पिरेटरी फेल्युअर विथ हायपॉक्सियाचा, म्हणजे श्वसनाचं काम कायमचं अपुरं आणि शरीराला ऑक्सिजन कमी. डॉक्टरने लिहिलंय काय? 'सीओपीडी, होम ऑक्सिजन २ लिटर.' एवढंच. मग जे४४.९ (सीओपीडी) आणि झेड९९.८१ (ऑक्सिजनवर अवलंबून), बास. 'हायपॉक्सिमिया' (रक्तात ऑक्सिजन कमी) लिहिलं असेल तर आर०९.०२ जोडा. सॅच्युरेशन ८५ असो की ८२, आकड्यावरून निदान काढणं आपलं काम नाही. नर्सच्या नोटमध्ये 'रेस्पिरेटरी फेल्युअर' दिसलं तरी नाही.

हे मी ऐटीत सांगतो, पण शिकलो मार खाऊन. पुण्यातली पहिली नोकरी, नाइट शिफ्ट. एका म्हाताऱ्याचा चार्ट, सात वर्षं ऑक्सिजनवर, एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) ऑक्सिजन कमी. लहान पोरालाही कळावं असं चित्र. मी बिनधास्त जे९६.११ टाकला. ऑडिटमध्ये एरर आली, तर मी टीएलशी (टीम लीडरशी) वाद घातला, "सर, दिसतंय की स्वच्छ." ते म्हणाले, "दिसतंय ना? मग डॉक्टरला विचार." आणि मागच्या तीन आठवड्यांचे माझे सगळे सीओपीडी चार्ट परत उघडायला लावले. चाळीसपैकी चौदांत डॉक्टरचा शब्दच नव्हता. दोन रात्री गेल्या. तेव्हापासून माझी सवय अशी: ऑक्सिजन दिसला की आधी असेसमेंट (डॉक्टरने लिहिलेलं निदान) वाचायचं, व्हायटल्स (सॅच्युरेशन, नाडी वगैरे आकडे) शेवटी.

उलटी चूकही होते. डॉक्टरने फेल्युअर विथ हायपॉक्सिया लिहिलंय, जे९६.११ लागलाय, तरी शेजारी आर०९.०२. हायपॉक्सिया त्या कोडच्या पोटातच आहे, काढा तो.

आता क्वेरी, म्हणजे डॉक्टरला पाठवायचा लेखी प्रश्न. घाई झालेली मंडळी लिहितात, "पेशंटला क्रॉनिक रेस्पिरेटरी फेल्युअर आहे ना?" ही क्वेरी नाही, डॉक्टरच्या तोंडात घास भरवणं आहे. मी चार्टमधले आकडे, लिटर, किती काळापासून ते मांडतो, मग खाली पर्याय: क्रॉनिक फेल्युअर, अॅक्यूट ऑन क्रॉनिक (जुन्यात अचानक वाढ), नुसता हायपॉक्सिमिया, इतर, ठरवता येत नाही. कोडमुळे मिळणाऱ्या पैशाचा उल्लेख चुकूनही नको. वेळ लागतो? लागू दे.

किरकोळ वाटणाऱ्या काही चुका:

एम्फिसेमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होणं) असेल तर जे४३.९. सीओपीडी बळावली असली तरी जे४४.१ कडे धावू नका.

सीओपीडीत न्यूमोनिया झाला तर जे४४.० एकटा पुरत नाही, न्यूमोनियाचा कोडही हवा.

नुसतं 'अस्थमा' लिहिलंय, प्रकार नाही, तर सीओपीडीसोबत जे४५.९०९ लावायचा नाही.

मिरजेच्या नर्सबाईंना मी वेगळंच सांगतो, कारण त्या लिहिणाऱ्या बाजूच्या. 'सॅच्युरेशन ९१' या नोंदीला काही अर्थ नाही. रूम एअरवर की २ लिटरवर? बसून की चालताना? मेडिकेअरमध्ये (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) घरच्या ऑक्सिजनसाठी विश्रांतीतलं ८८ किंवा त्याहून कमी सॅच्युरेशन धरतात, नाहीतर पीएओटू (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब) ५५ किंवा त्याखाली. परिस्थिती लिहिली नाही तर आकडा वाया. आणि कालची नोट कॉपी-पेस्ट करून 'श्वासाचा त्रास नाही' ठेवायचं अन् खाली ४ लिटर चालू दाखवायचं, हे ऑडिटर पहिल्या मिनिटात पकडतो.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चीटशीट तर माझ्या डोक्यात जातात. गेल्या रविवारी एकीने लॅमिनेट करून आणली होती. त्यावर जे४४.८९ (सीओपीडीच्या इतर ठरावीक प्रकारांचा कोड) नव्हताच, आणि तो १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. म्हटलं, कुठली गं ही? म्हणाली, ताईच्या मैत्रिणीने दिली, ती पास झाली यावरच.