खाडीत सोडलेले प्रक्रियायुक्त सांडपाणी कसे तपासावे

मुंबईकडे भांडुप-घाटकोपर आणि नवी मुंबईकडे ऐरोली अशा दोन्ही काठांवरील मलप्रक्रिया केंद्रांचे बहुतांश पाणी अखेर ठाणे खाडीतच येते, आणि हीच खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. अशा ठिकाणी केंद्राच्या कामाची पारख करू पाहणाऱ्या नागरिक गटाने किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केवळ बीओडीच्या (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूच्या) आकड्यावर विसंबू नये.

आधी पंचांग पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीत पाण्याची ये-जा जोरात असते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ती मंदावते आणि सोडलेले पाणी काठालगतच रेंगाळते. म्हणून खाडीतील नमुना भांगाच्या दिवशी, ओहोटी संपत आली असता घ्यावा. भरतीच्या पाण्याने पातळ झालेला नमुना केंद्राची बाजू अकारण उजळ दाखवतो.

केंद्राच्या पाण्याचा नमुना मात्र ते खाऱ्या पाण्यात मिसळण्यापूर्वीच, शक्यतो केंद्राच्या परवानगीने आवारातील निर्गम वाहिनीवर घ्यावा, कारण क्लोराइड जास्त असल्यास सीओडीची (रसायनाने घाण जाळायला लागणाऱ्या प्राणवायूची) चाचणी बिघडते. एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने प्रक्रिया करणाऱ्या) पद्धतीच्या केंद्रात टाकी भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे निवळ पाणी काढणे हे टप्प्याटप्प्याने चालते, त्यामुळे एका बाटलीवर निष्कर्ष काढू नये; दिवसभरात ठरावीक अंतराने घेतलेले नमुने एकत्र करून बर्फात, सुमारे 4 अंश सेल्सिअसला, प्रयोगशाळेत न्यावेत. जिवाणूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक बाटलीत स्वतंत्र नमुना घ्यावा. केंद्रात क्लोरीन वापरत असल्यास त्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट असावे, अन्यथा वाटेतही क्लोरीन जिवाणू मारत राहतो.

विरघळलेला प्राणवायू जागीच पाहावा. बुडबुडा न राहील अशा बेताने काचेची बाटली काठोकाठ भरावी, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अॅझाइड ही द्रावणे घालून बूच लावावे आणि बाटली उलटसुलट करावी. तपकिरी साका बसल्यास पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला, तर जवळजवळ काहीच उरलेले नाही. हातमोजे घालावेत, कारण दुसरे द्रावण दाहक असते.

अहवालात 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेतील महानगरांसाठीच्या मर्यादा ताडून पाहाव्यात: बीओडी लिटरला 20 मिलिग्रॅम, विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) 100 मिलिलिटरमध्ये 1000 पेक्षा कमी. केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतिपत्रातील अटी याहून कडक असू शकतात, तेव्हा तेही सोबत ठेवावे. बीओडी मर्यादेत असूनही अमोनिया जास्त असू शकतो, कारण अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि त्यांना भरपूर हवा लागते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 4.57 मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो. केंद्रात न झालेला हा खर्च पुढे खाडीला सोसावा लागतो. शिवाय सामू (पीएच) आणि तापमान वाढले की अमोनिया माशांना अधिक घातक ठरतो. म्हणून प्रयोगशाळेकडे अमोनिया, एकूण नायट्रोजन आणि फॉस्फरस या चाचण्या नावानिशी मागाव्यात. फ्लेमिंगो येतात म्हणजे पाणी स्वच्छ, हा युक्तिवाद तर मुळीच मानू नये. पोषकद्रव्यांनी माजलेले शेवाळही त्यांचे खाद्यच असते.

संमतिपत्राची प्रत माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागता येते. त्याच अर्जात मागील पावसाळ्यात किती वेळा आणि किती पाणी प्रक्रियेविना बाहेर सोडले, त्या नोंदवहीच्या पानांच्या प्रतीही मागाव्यात.