सात अंधार आणि एक खाट

नाटकाचा लेखकही मीच, निर्माताही मीच. गडकरी रंगायतनचं भाडं, तिथलं नेपथ्य झेपणार नव्हतं, म्हणून ठाण्यातच शंभरेक खुर्च्यांचा छोटा हॉल घेतला. परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र हातात होतं, तिकीट दोनशे रुपये. (पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.)

पहिल्याच प्रयोगात आपटलो. संहितेत प्रवेश बदलायला मी सात वेळा ‘अंधार’ लिहिलं होतं. लिहायला काय जातं! एकेक अंधार चाळीस सेकंदांचा. पहिली रांग रंगमंचापासून हातभर अंतरावर, त्यामुळे खाट सरकवताना माणसं दिसत होती, ऐकूही येत होती. तिसऱ्या अंधारात मोबाइल उजळले. पाचव्यात मागून एक आजी म्हणाल्या, “लाइट गेली वाटतं.”

रात्री दोन वाजेपर्यंत संहिता घेऊन बसलो. दोन प्रवेश जोडले. उरलेल्या बदलांपैकी पाच ठिकाणी अंधारच काढला. मंद निळ्या प्रकाशात आईचं काम करणारी नटीच चादर झटकते, उशी उलटते आणि खाट पायाने ढकलते. शेवटचा अंधार तेवढा ठेवला. जमिनीवर खाटेच्या चार पायांच्या जागी बोटभर रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या. खर्च शंभराच्या आत.

दुसऱ्या प्रयोगात नाटक आधीपेक्षा लवकर आटोपलं. चादर झटकताना खोकला आला तिला, खरा. तो आता प्रत्येक प्रयोगात असतो.