तेवीस किलोत आपलं किती?

आमची बॅच २०१८च्या डिसेंबरात तगलीतला, म्हणजे ज्यू तरुणांसाठीच्या इस्राएलच्या दहा दिवसांच्या फुकट सहलीला, जाऊन आली. यंदाच्या बॅचचा ग्रुप बनल्यापासून मला रोज विचारणा होतेय, "ताई, काय काय घ्यायचं?" एकेकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

पहिल्यांदा पासपोर्ट बघा. सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. ते आजच बघा, कारण बाबांच्या कपाटात तो कुठल्या फाइलमध्ये आहे हे शोधण्यात एक रविवार जातो. शेकेल, म्हणजे तिथलं चलन, आमच्या वेळी साधारण वीस रुपयांना पडायचा, आता पडतो त्याहून महाग. दहा दिवस राहणं-जेवण फुकट असलं तरी बाजारात हात सैल सुटतो, तेव्हा हिशेब त्या दिवसाच्या भावाने करा. चार्जरला बारीक गोल दोन पिनांचं अडॅप्टर लागतं, आपली जाड तीन पिनांची पिन तिथल्या भिंतीत जात नाही. एवढं झालं की कोरडी कामं संपली.

आता बॅग. तेवीस किलोंची परवानगी ऐकून मी खूश झाले होते. मग मावशीचा इस्राएलमधल्या अश्दोदहून फोन आला. आमसूल आण, जाडे पोहे आण, घरचा मसाला आण, आणि शेजारणीला खोबऱ्याच्या वड्या. दुसऱ्या दिवशी पेणच्या काकूंनी दिमोनातल्या त्यांच्या भाच्यासाठी पापड पाठवले. आपल्या बेने इस्राएलचं, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंचं, कोण लोदला, कोण रामलाला, कोण बेर शेवाला, त्यामुळे तुम्ही निघालात ही बातमी फुटली की तुम्ही माणूस उरत नाही, कुरियर होता. माझ्या बॅगेत माझे कपडे नऊ किलो, बाकी सगळा समाज. म्हणून सल्ला: तारीख कोणाला सांगू नका. सांगितलीच तर नाशवंत, ओलं, मटण-मच्छीचं काही घेऊ नका आणि प्रत्येक पुडी समोर उघडून बघा. हे गमतीत सांगत नाही, कारण पुढची पायरी विमानतळाची आहे.

विमानात बसायच्या आधी सुरक्षावाली मुलगी अगदी शांतपणे विचारते, "बॅग कोणी भरली?" बरोबर उत्तर आहे, "मी." माझं खरं उत्तर होतं, आईने भरली, आजीने उपसून परत भरली आणि बाबांनी वर बसून चेन लावली. "कोणी काही दिलंय का?" यावर मी इतका वेळ विचार करत राहिले की तिने दुसऱ्या सहकाऱ्याला बोलावलं. मग तासभर आमचा मसाला टेबलावर होता. तर बॅग स्वतः भरा. आई रुसली तरी चालेल.

सोबत थोडी उत्तरंही भरून न्या, कारण तिथे प्रश्न सुरूच राहतात. कुठल्या सिनेगॉगमध्ये जाता, सण कुठले करता, हिब्रू नाव काय. आणि सगळ्यात आवडता: "पण तू ज्यू दिसत नाहीस." यावर भाषण देत बसू नका. फोनमध्ये तीन फोटो ठेवा. एक, ठाण्याच्या शआर हाशामाइमचा, १८७९चं सिनेगॉग म्हटलं की समोरचा जरा सरळ बसतो. दुसरा, घराच्या चौकटीवरच्या मजूझाचा, म्हणजे पवित्र वचनांच्या डबीचा, शेजारच्या दारावरचं तोरणही त्यात आलं तर उत्तम. तिसरा, आजीचा. नऊवारी नेसून शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचा, तेलाचा दिवा लावतानाचा. माझ्या आजीच्या फोटोवर आमच्याबरोबर फिरणारी सैनिक मुलगी पाचेक मिनिटं अडकली होती. तिने झूम करून आधी दिवा बघितला, मग काठ बघितला, आणि विचारलं, "हिला हे नेसायला किती वेळ लागतो?" माझ्या आजोबांच्या पिढीला हेच उत्तर देण्यासाठी जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं होतं, १९६४ साली, तेव्हा कुठे सरकारने बेने इस्राएल सगळ्या बाबतीत बरोबरीचे ज्यू असल्याचं जाहीर केलं. आपलं फोटोवर भागतं.

होदू हा शब्द पाठ करा. बायबलातल्या एस्तेरच्या ग्रंथात पहिल्याच वाक्यात आहे, म्हणजे भारत. पण जेवणाच्या काउंटरवर होदू म्हणजे टर्की. "मी होदूची" असं मी वाढणाऱ्या काकांना अभिमानाने सांगितलं, त्यांनी ताटात दोन तुकडे जास्त घातले.

डिसेंबर म्हणजे तिथे पाऊस, आणि जेरुसलेमची थंडी आपल्या माथेरानच्या स्वेटरला जुमानत नाही. छत्री नको, वारा तिला उलटी करतो. टोपीचं जाकीट घ्या. वाळवंटात एक रात्र भटक्या बदावींच्या तंबूत सगळे ओळीने झोपतात, तेव्हा कानटोपी घातल्याबद्दल मला हसणारेच पहाटे ती मागत होते. याउलट ओढणी ही एक नाही, दोन घ्या. कोतेलला, म्हणजे जेरुसलेमच्या पवित्र पश्चिम भिंतीशी, खांदे झाकायला, बसमध्ये पांघरायला, बाजारात अचानक घेतलेले डाळिंब बांधायला, आणि मसादाच्या डोंगरी किल्ल्यावर घाम पुसायला. मसादाला पहाटे अंधारात सर्पवाटेने चढवतात. रायगड पायऱ्यांनी चढलेल्यांनी घाबरायचं कारण नाही, रोपवेने गेलेल्यांनी मात्र आत्तापासून जिने चढा. पाण्याची बाटली मोठी हवी, नळाचं पाणी पिता येतं.

मृत समुद्रासाठी जुन्या चपला, कारण तळाशी मीठ काचेसारखं टोचतं. समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून खाली आहे तो. पोहायला येतं म्हणून मिरवू नका. मी नवगावच्या लाटांत वाढलेली, तिथे पालथी पडायला गेले आणि पाण्याने मला उचलून सरळ केलं, डोळ्यांत थेंब गेला तो वेगळाच. दोन दिवस आधीपासून रेझर बंद. का, ते आमच्या बॅचमधल्या एका मुलाला विचारा, त्याची किंकाळी जॉर्डनपर्यंत गेली असणार.

कोतेलच्या भिंतीत ठेवायच्या चिठ्ठ्या एका पाकिटात घाला, नाहीतर त्या जीन्सबरोबर धुतल्या जातात. माझ्याकडे एकवीस होत्या, त्यातल्या सहा आमच्या सोसायटीतल्या हिंदू काकूंच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मुलाचं नाव, बारावीचा सीट नंबर आणि हवे असलेले टक्के, सगळं लिहिलं होतं. या चिठ्ठ्या वर्षातून दोनदा काढून ऑलिव्हच्या डोंगरावर पुरतात. मुलगा पास झालाय.

शॅम्पू, पॅड, औषधं शुक्रवारी दुपारच्या आत घ्या. नंतर दुकानं बंद, बस बंद, आणि हॉटेलची शब्बाथची लिफ्ट बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबते, म्हणजे कल्याण स्लो. चहाबाजांनी मनाची तयारी ठेवावी. आपल्या धर्माप्रमाणे मटणाच्या जेवणानंतर दूध नाही, हे घरी माहीत असतं, कारण रस्साही आपण नारळाच्या दुधात करतो. पण घरी चहाची तलफ सकाळच्या जेवणाच्या हिशेबाने येते, तिथे बरोबर चिकननंतर येते.

बसमध्ये प्रत्येकाला नंबर मिळतो आणि दर थांब्यावर हिब्रूत मोजणी होते. माझा सतरा, श्वा-एस्रे. आपला नंबर झोपेतही म्हणता आला पाहिजे. मी एकदा झोपले होते आणि चाळीस जणांनी मला पार्किंगमध्ये शोधलं.

परतीचं तिकीट आधीच विचारून दोन दिवस पुढे घ्या, नातेवाइकांसाठी. अश्दोदला मावशीने आमसुलाचा डबा घेतला, कपाट उघडलं, आणि आत तिथल्याच भारतीय दुकानातलं आमसूल, पोहे, तीन प्रकारचे मसाले रांगेत होते. मी काही बोलायच्या आत तिने आईचा डबा पुढे ठेवला, झाकणावरची चिकटपट्टी वाचली, "ताईला, उन्हात ठेवू नये", आणि म्हणाली, "तुझी आई मला अजून शिकवतेच." निघताना तोच डबा धुऊन परत दिला. अर्थात रिकामा नाही, आपल्यात देतात कुठे रिकामा. खजूर, झातरचा मसाला, शेजारणीचा मुरंबा, आणि ठाण्यातल्या चार घरांसाठी चार पुड्या.

लोदच्या विमानतळावर पुन्हा तशीच एक शांत मुलगी होती. "कोणी काही दिलंय का?"

जाताना तीन तास आधी पोहोचायला सांगतात. येताना चार धरा.