दातांचा त्रास असलेला ससा दत्तक घेताना

सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात आणि गवत चावताना तेवढेच झिजतात. जबडा जन्मतःच वाकडा असेल, किंवा आधीच्या घरी ससा पोळी, बिस्किटं आणि गाजरावरच वाढला असेल, तर दातांची वाढ चालू राहते पण झीज होत नाही. दात वाढले की कुटुंबं कंटाळतात आणि ससा सोडून देतात. म्हणूनच दत्तक मिळणाऱ्या सशांत हा त्रास इतका दिसतो. होकार देण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: हा आजार बहुतेक वेळा पूर्ण बरा होत नाही, जन्मभर सांभाळावा लागतो. दाढा दर सहा ते आठ आठवड्यांनी घासाव्या लागल्या, तर वर्षाला सहा ते नऊ फेऱ्या डॉक्टरांकडे होतात. ससा आठ-दहा वर्षं जगतो. हा हिशेब घरातल्या सगळ्यांसमोर मांडा आणि मगच पुढे जा.

सध्या ज्यांच्याकडे ससा आहे त्यांना विचारा: शेवटचे दात कधी कापले, कोणी, कशाने? भूल दिली होती का? कवटीचा एक्स-रे आहे का? तो असेल तर त्याची प्रत मागून घ्या, कारण दाढांची मुळं किती खोल गेली आहेत हे नुसतं तोंडात पाहून कळत नाही. मग ससा स्वतः पाहा. वरचा ओठ दोन बोटांनी अलगद बाजूला करा. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या किंचित पुढे असावेत, आणि खालच्यांची टोकं वरच्यांच्या मागे लपलेल्या दोन छोट्या खुंट्यांना टेकलेली असावीत. दात एकमेकांवर आपटत असतील, बाहेर वळले असतील किंवा त्यांच्यावर आडव्या रेघा असतील, तर दोष आहे. सशाला २८ दात असतात, त्यातल्या २२ दाढा. त्या बाहेरून दिसत नाहीत, पण त्यांचा त्रास दिसतो: हनुवटी ओली, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले (तो त्यांनी तोंड पुसत असतो), एकाच डोळ्यातून पाणी, घास तोंडात घेऊन परत टाकणं. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवा. गाठी लागल्या तर मुळं खाली उतरली आहेत. एखादी गाठ टणक आणि मोठी असेल तर गळू असू शकतं. सशाचा पू घट्ट असतो, नुसती चीर देऊन वाहून जात नाही. अशा सशासाठी मोठी शस्त्रक्रिया लागू शकते, हे आधीच गृहीत धरा.

एक सूचना. शेतात सापडलेलं करड्या-तपकिरी रंगाचं, काळ्या शेपटीचं पिल्लू दत्तक घेण्यासाठी नसतं. तो रानससा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित. त्याला तिथेच राहू द्या. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

डॉक्टर आधी, ससा नंतर

नाशिकमध्ये कुत्र्या-मांजरांचे दवाखाने भरपूर आहेत. सशाच्या दातांचं काम करणारा डॉक्टर मात्र शोधावा लागतो. फोनवर तीन प्रश्न विचारा. पहिला: भूल देण्याआधी सशाला उपाशी ठेवायचं का? उत्तर ‘रात्रभर काही देऊ नका’ असं आलं तर पुढे विचारू नका. सशाला उलटी होत नाही, आणि उपाशी ठेवलं तर त्याची आतडी मंदावतात. दुसरा: पटाशीचे दात कशाने कापता? नखं कापायच्या कटरने दात उभा तडकू शकतो आणि मुळापाशी पू धरू शकतो. दात फिरत्या बरने (दंतवैद्याच्या ड्रिलचं घासणारं टोक) घासायला हवेत. तिसरा: तोंडातून कोणतं अँटिबायोटिक देता? अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि क्लिंडामायसिन सशाला तोंडातून दिलं तर आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. शहरात समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत, तर मुंबई किंवा पुण्याचा डॉक्टर ठरवून ठेवा. मुंबईला जायचं असेल तर कसारा घाटातली कोंडी धरून वेळ काढा, उन्हाळ्यात पहाटे निघा, आणि पेटीत चाऱ्यासोबत पाणीदार पालाही ठेवा.

गवताचा बंदोबस्त

खाण्याचा ऐंशी टक्के भाग गवत असायला हवा. विकतचं टिमोथी गवत ऑनलाइन मिळतं, पण महाग पडतं. इथे ओट चारा आणि हरळी उत्तम. हरळी फवारणी झालेल्या बांधावरून किंवा रस्त्याच्या कडेची नको. हे नाशिकला मुद्दाम सांगावं लागतं, कारण द्राक्षबागा आणि कांद्याच्या शेतांत बुरशीनाशकं, तणनाशकं सतत मारली जातात. द्राक्षाची पानंही त्याच कारणासाठी देऊ नका. गवत सावलीत वाळवा आणि गोणपाटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजतं. पावसाळ्यात रोज वास घेऊन बघा. कुबट आला की सगळं फेकून द्या, वरवर चांगलं दिसणारंसुद्धा. लॉन कापायच्या यंत्रातलं गवत कधीच नाही, ते तासाभरातच तापून आंबायला लागतं.

गोठ्यावर सहज मिळणारा लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिलाला चालतो. मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियममुळे लघवी गढूळ आणि घट्ट होते. पाल्यात कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा आणि गाजराचा पाला रोज चालतो. पालक थोडा. कांदा, कांद्याची पात आणि लसूण अजिबात नको. पेलेट (दाबून बनवलेलं सशाचं विकतचं खाद्य) सशाच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम, तेही साधे एकजात. चणे-गहू-बिया घातलेलं रंगीत मिश्रण नको.

दाढा टोचत असताना ससा गवताला तोंड लावत नाही. अशा वेळी गवत कात्रीने दोन-तीन सेंटिमीटर कापून द्या आणि डॉक्टरांची तारीख घ्या. लाकडाचे ठोकळे दिल्याने दाढा घासल्या जातात, हा गैरसमज आहे. दाढा घासल्या जातात त्या गवत डावी-उजवीकडे दळल्यामुळे. लाकूड फक्त पटाशीने कुरतडलं जातं.

रोजचं काम: काटा आणि लेंड्या

पहिला महिना रोज सकाळी एकाच वेळी वजन घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, त्यावर एक टब ठेवून शून्य करा. दीड किलोच्या सशाचं वजन आठवड्यात ७५ ग्रॅम उतरलं तर दात ‘बरे दिसत’ असले तरी डॉक्टरांकडे जा. काटा लाळेच्या आधी सांगतो. लेंड्याही तेच सांगतात: गोल, एकसारख्या आणि भरपूर असाव्यात. लहान, वेड्यावाकड्या किंवा कमी पडल्या म्हणजे खाणं कमी झालं आहे. रात्री पडणाऱ्या, द्राक्षाच्या घडासारख्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो. त्या रोज पडलेल्या दिसू लागल्या तर त्याला वाकून खाणं दुखत असू शकतं.

ओली हनुवटी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण कोरडी करा. केस कात्रीने कापू नका, कातडी पातळ असते, ट्रिमर वापरा. पावसाळ्यात मागची बाजू दिवसातून दोनदा तपासा. ओल्या केसांवर माशी अंडी घालते आणि अळ्या दिवसभरात बाहेर येतात. फिप्रोनिल असलेला गोचिडांचा स्प्रे सशासाठी विषारी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्याला घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. बाटलीऐवजी जड वाडग्यातून पाणी द्या, दुखऱ्या तोंडाला नळी चोखणं जड जातं.

दात घासून आणल्यावर

संध्याकाळपर्यंत ससा स्वतःहून खायला लागला नाही तर सिरिंजने भरवावं लागतं. साधे पेलेट मिक्सरमध्ये बारीक दळा, एक भाग पुडीला दोन-तीन भाग कोमट पाणी घालून दहा मिनिटं फुगू द्या, मग गाळून घ्या. किलोमागे दिवसाला सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे दीड किलोच्या सशाला ७५, तेही पाच वेळा पंधरा-पंधरा. ससा टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर चारी पायांवर बसवा, पाठीवर झोपवायचं नाही. पटाशीच्या मागे, दाढांच्या आधी जी मोकळी जागा असते, तिथून बाजूने बिनसुईच्या सिरिंजचं टोक आत सरकवा आणि अर्धा मिलिलिटर सोडा. तो चघळून गिळेपर्यंत थांबा. घाई केली तर अन्न फुफ्फुसात जातं. पोट ताणलेलं, ढोलासारखं लागत असेल तर भरवू नका, आधी डॉक्टर. आतडं अडलं असेल तर भरवल्याने तो मरू शकतो. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलंच, त्यांच्या मापानं. माणसांच्या गोळ्या नकोत.

बारा तास काहीही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर ती आणीबाणी समजा. सकाळची वाट पाहू नका.

पटाशीचे दात महिन्या-दीड महिन्याला कापावे लागत असतील, तर ते कायमचे काढून टाकण्याचा पर्याय विचारा. दरवेळच्या भुलेपेक्षा एकदाचं काढणं अनेकदा सोसतं. असा ससा ओठांनी पकडून खातो. त्याला पाला बोटभर पट्ट्यांत कापून द्या, अख्खं गाजर किंवा सफरचंद त्याला कुरतडता येत नाही. काढलेला दात कधीकधी पुन्हा उगवतो, म्हणून पहिलं वर्षभर हिरड्या तपासा. अशा सशाची प्रजा मात्र होऊ देऊ नका, वाकडा जबडा पिलांत उतरतो. नर असो की मादी, नसबंदी करून घ्या. मादीला गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढत्या वयाबरोबर मोठा असतो, त्यामुळे तिच्या बाबतीत लवकर करा.

तुम्ही गावाला जाणार असाल तर काटा, सिरिंज, पेलेटची पूड, डॉक्टरांचा नंबर आणि न चालणाऱ्या औषधांची यादी एका डब्यात भरून पिंजऱ्याजवळ ठेवा, आणि सांभाळणाऱ्याला निघण्याआधी एकदा तुमच्यासमोर सिरिंजने भरवायला लावा.