आधी पार्किंग शोधा, मग निघा

गाडीशिवाय पान हलत नाही अशा शहरात आपण पत्ता बघून निघतो आणि पार्किंगचा विचार पोहोचल्यावर करतो. उलटं करा. मॅपवर आधी पार्किंग शोधा, तेही दारातलं नाही, पाच-सात मिनिटं चालायच्या अंतरावरचं. रस्त्याकडेची जागा स्वस्त किंवा फुकट असली की सगळे तिच्याच मागे लागतात आणि त्या घिरट्यांत वेळ जातो, पेट्रोलही. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांचं म्हणणं होतं की दर असा ठेवावा, ज्यामुळे प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा कायम रिकाम्या राहतील. ऐकायला कडू, पण मला पटतं.

दरफलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ठळक अक्षरांत असतो तो पहिल्या तासाचा दर. खरी गंमत खाली, बारीक अक्षरांत. बऱ्याच ठिकाणी तास सुरू झाला की पूर्ण धरतात, म्हणजे 2 तास 5 मिनिटांचे पैसे 3 तासांचे. जास्त वेळ थांबायचं असेल तर दिवसभराचा दर विचारून घ्या, अनेकदा तोच स्वस्त पडतो. तिकीट हरवलं तर बहुधा पूर्ण दिवसाचे पैसे मागतात, त्यामुळे ते डॅशबोर्डवर टाकू नका, पाकिटात ठेवा.

बहुमजली पार्किंगमध्ये खालच्या मजल्यांवर रेंगाळू नका, सरळ वर जा. खांबावरच्या नंबराचा फोटो काढा. आणि गेट किती वाजता बंद होतं, तेवढं उतरतानाच विचारा.