जननेंद्रियावरची पुळी: कोणती सोडून द्यायची, कोणती दाखवायची

शिश्नावर किंवा अंडकोषावर पुळ्या दिसल्या की नख लावावंसं वाटतं, नाहीतर घरात पडलेलं एखादं मलम चोपडावंसं. दोन्ही टाळा. आधी नीट बघा.

आंघोळीनंतर, भाग कोरडा करून, भरपूर उजेडात बघावं. खालची बाजू दिसण्यासाठी हातआरसा घ्या. पुढची त्वचा सहज जाईल तेवढीच मागे सरकवा आणि बघून झालं की आठवणीने पुढे आणा. ती मागेच अडकली तर टोक सुजत जातं, आणि पुढे येईनाशी झाली तर लगेच रुग्णालय गाठावं लागतं. आता त्वचा हलकी ताणून पुळ्यांची जागा, रंग आणि मांडणी पाहा. त्या गुळगुळीत आहेत, खडबडीत आहेत की फुटलेल्या? शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा ताडून बघा. निरुपद्रवी पुळ्या सहसा जशाच्या तशा राहतात.

सगळ्यात जास्त घाबरवतात ते मोतीदाणे. शिश्नमुंडाच्या कडेभोवती एक-दोन ओळींत, माळ ओवल्यासारखे, 1 ते 3 मिलिमीटरचे, त्वचेच्याच रंगाचे किंवा पांढुरके. वयात येताना दिसू लागतात, वयाबरोबर फिके होतात. हा आजार नव्हे, अस्वच्छता नव्हे, संसर्गही नव्हे. घासून ते जात नाहीत, उलट कातडी सोलवटते. त्वचा ताणली की दिसणारे पिवळसर-पांढरे ठिपके म्हणजे तेलग्रंथी. त्यांनाही उपचार लागत नाहीत. मुंडाखाली त्वचेची जी दोरीसारखी पट्टी असते तिच्या दोन्ही बाजूंना सारखे दोन दाणे असतील तर तेही नैसर्गिकच. अंडकोषाच्या पिशवीवर लाल-जांभळे ठिपके असतात, त्या फुगलेल्या रक्तवाहिन्या. खाजवल्या तर रक्त येतं. स्वच्छ कापडाने 10 मिनिटं दाबून धरलं की थांबतं. केस काढल्यावर दोन-तीन दिवसांत आलेली, मधोमध केस असलेली पुळी ही केसतोडच. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याचा शेक द्या, बरी होईपर्यंत वस्तरा लावू नका.

आता दाखवायच्या पुळ्या. इथे एक गैरसमज फार महागात पडतो: दुखत नाही म्हणजे काळजी नाही. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम बहुधा दुखतच नाही. संबंधानंतर 10 ते 90 दिवसांत, साधारण तिसऱ्या आठवड्यात, एक कडक काठाचा व्रण होतो. जांघेत गाठी येतात. तीन ते सहा आठवड्यांत व्रण आपोआप भरतो आणि माणूस सुटलो म्हणतो; जंतू मात्र शरीरात राहून पुढे मेंदू आणि हृदयापर्यंत पोचू शकतात. वेळेत पेनिसिलिन मिळालं तर हा आजार पूर्ण बरा होतो. सुरुवातीच्या दिवसांत रक्ततपासणी कोरी येऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करा.

हर्पीस हा विषाणूचा संसर्ग मात्र जाणवतो. आधी चुरचुर, मग झुपक्याने पाणीदार फोड, ते फुटून दुखरे व्रण. पहिल्या वेळी संसर्गानंतर बहुधा 2 ते 12 दिवसांत. गोळ्या लवकर सुरू केल्या तर जास्त उपयोग होतो, त्यामुळे वाट बघू नका.

खडबडीत, फुलकोबीसारखे, संख्येने वाढत जाणारे दाणे चामखिळींचे. त्या एचपीव्ही विषाणूमुळे होतात आणि संसर्गानंतर काही महिन्यांनीही उगवतात, म्हणून सध्याच्या जोडीदारावर लगेच संशय घेऊ नये. हातापायाच्या चामखिळीचं औषध इथे लावलं तर कातडी भाजते. व्हिनेगर लावून दाणा पांढरा होतो का बघण्याचा प्रयोगही फसवा, कारण साधी सूजलेली त्वचाही पांढरी पडते. मधोमध खळगा असलेले गुळगुळीत, चकचकीत दाणे मोलस्कम या विषाणूजन्य त्वचासंसर्गाचे असतात. रात्री वाढणारी खाज, शिश्नावर व अंडकोषावर गाठी आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल तर खरूज धरा. तिचं औषध फक्त पुळ्यांवर लावून चालत नाही. मानेपासून तळव्यांपर्यंत लावावं लागतं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी.

स्टेरॉइड मिसळलेलं मलम सगळ्यात जास्त घोटाळा करतं. चार दिवस खाज थांबते, पण बुरशी आणि खरूज आत पसरत राहतात आणि खुणा इतक्या बदलतात की डॉक्टरांनाही निदान अवघड जातं.

तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, वाढणारी कडक गाठ, पुढच्या त्वचेखालून रक्त किंवा दुर्गंधी, हे असेल तर कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावीच. गरज वाटल्यास डॉक्टर तुकडा काढून तपासतात. लाली तासातासाला पसरतेय, वेदना असह्य आहेत आणि ताप आहे, तर थेट आपत्कालीन विभागात जा, मधुमेह असेल तर विशेषच. गाठ त्वचेबरोबर हलत नसून वृषणातच लागत असेल, तर तो त्वचेचा प्रश्नच नव्हे. मूत्ररोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून घ्या.

बाकी सगळ्यासाठी त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ. जाण्याआधी तो भाग दाढीसारखा साफ करू नका, मलम लावू नका, लावलं असेल तर त्याची ट्यूब सोबत न्या. शेवटचा संबंध कधी आला, निरोध होता का, हे खरं सांगा. निदान होईपर्यंत संबंध टाळा. निरोधाबाहेरच्या त्वचेवरूनही हर्पीस आणि चामखिळी पसरतात. लैंगिक संसर्ग निघाला तर जोडीदाराचीही तपासणी त्याच वेळी करून घ्या, नाहीतर गरमीसारखा आजार बरा होऊनही पुन्हा जडतो.