पाच एकरांचा हिशेब एका कागदावर: कोरडवाहू शेतीत बदल नेमका कुठे करायचा

सोयाबीनचं नवं बियाणं आणलं, एकरी क्विंटलभर उतारा वाढला, आणि तरी मे महिन्यात कडबा घ्यायला हातात पैसा नाही. कोरडवाहू भागात हे नेहमीचं आहे. पीक, जनावरं, विहीर, घरातली माणसं आणि रोकड एकाच दाव्याला बांधलेली असतात. एकट्या पिकाचा उतारा बघून बदल केला की ओढ दुसरीकडे बसते. म्हणून आधी सगळ्या शेताची मांडणी करायची, अडतंय कुठे ते शोधायचं, आणि मगच खिशात हात घालायचा.

खाली एक नमुना घेतला आहे: तीन एकर मध्यम जमिनीत सोयाबीन-तूर, दोन एकर भारी काळ्या रानात रब्बी ज्वारी, दोन बैल, एक गाय, चार शेळ्या आणि मार्चनंतर दिवसाला दोन तासच चालणारी विहीर. आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी आपले घालावेत.

अंगणातला नकाशा

अंगणात राखेने शेत, गोठा, घर, विहीर आणि बाजार आखा. कुठून कुठे काय जातं याचे बाण काढा: कडबा गोठ्यात, शेण उकिरड्यावर, धान्य बाजारात, भुसकट शेजाऱ्याला. घरातल्या बायका या कामात नसतील तर नकाशा अर्धाच राहतो. शेळ्यांचा चारा, सरपण आणि निंदणीचे दिवस यांचा पक्का हिशेब बहुतेक घरांत त्यांच्याकडेच असतो. मूत्र आणि घरच्या माणसांचे दिवस हे दोन बाण हमखास विसरतात.

मग बारा महिन्यांचे बारा चौकोन काढून त्यात ज्वारीचे दाणे ठेवा, जिथे जास्त तिथे जास्त दाणे. एक ओळ मजुरीची, एक चाऱ्याची, एक पाण्याची, एक रोकडीची. जूनच्या चौकोनात पेरणीही येते, शाळेचा खर्चही येतो आणि चारा संपलेला असतो, हे इथे डोळ्यांना दिसतं.

चारा: बहुतेक ठिकाणी अडतं ते इथे

जनावराला रोज वजनाच्या साधारण 2.5 टक्के कोरडा चारा लागतो. 400 किलोच्या बैलाला 10 किलो, 350 किलोच्या गायीला 9 किलो, म्हणजे तिघांना मिळून रोज 29 किलो. (शेळ्या बांधावर आणि माळावर भागवतात असं धरलं आहे.) नोव्हेंबर ते जून 240 दिवस धरले तर सुमारे 7 टन झाले. घरचा कडबा अडीच टन आणि खाण्याजोगं भुसकट एक टन असेल तर तूट साडेतीन टनांची. सोयाबीनचा पैसा दरवर्षी इथेच जिरतो.

आता गळती बघा. अख्खा कडबा घातला की जाड बुडखे गव्हाणीत तसेच पडतात. आठवडाभर रोज सकाळी उष्टा चारा तराजूवर तोला. टाकलेल्यापैकी चौथा ते तिसरा हिस्सा वाया जाताना दिसेल. कुट्टी केली, म्हणजे कडबा बारीक कापून घातला, तर अडीच टनांत अर्धा-पाऊण टन वाचतो. कुठलंही नवं वाण एवढ्या स्वस्तात एवढं देत नाही.

पुढचा उपाय विहिरीवरचा. 200 लिटरचं पिंप मोटरीखाली धरा आणि किती सेकंदांत भरतं ते मोजा. 50 सेकंद लागले तर तासाला 14,400 लिटर. एकराला 5 सेंटिमीटर पाणी द्यायचं म्हणजे दोन लाख लिटर, सुमारे 14 तास. दोन तासांच्या विहिरीवर त्याला आठवडा जाईल, म्हणून एकरभर उन्हाळी पिकाचा नाद सोडावा. 10 गुंठ्यांना मात्र साडेतीन तास पुरतात, दोन दिवसांचं काम. तेवढ्यात चाऱ्याचा मका घेतला तर बेताने 5 टन हिरवा चारा, म्हणजे एक टन कोरडा, हाती येतो. तिथे चाऱ्याची ज्वारी लावली तर जपून: कोवळी किंवा पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी विषारी असते, तिने किराळ (ज्वारीची विषबाधा) लागून जनावर दगावतं. फुलोरा येईपर्यंत ती घालू नये.

तरीही जवळपास दोन टन तूट उरतेच. एक बैल कमी करून शेजाऱ्याशी वारंगुळा (दोघांचे बैल जोडून पाळीपाळीने काम) केला तर 240 दिवसांत 2.4 टन चारा वाचतो. पण तिफण (पेरणीचं तीन फणांचं अवजार) आपल्या पाळीनेच मिळणार आणि खत एका जनावराचं कमी होणार. वाफसा (पेरणीजोगी ओल) दोन-तीन दिवसच टिकणाऱ्या रानात पाळी चुकली तर पेरणी हुकते. हा सौदा आधी दाण्यांच्या चौकोनांवर मांडून बघावा.

खताचा हिशेब

सोयाबीनच्या एका क्विंटल दाण्यातून साधारण 6 किलो नत्र (नायट्रोजन) शेताबाहेर जातं. एकरी सहा क्विंटल पिकले तर 36 किलो गेलं, आणि डीएपी खताच्या 50 किलोच्या पोत्यात नत्र असतं 9 किलो. मधली मोठी भर हवेतलं नत्र धरणाऱ्या मुळांवरच्या गाठी घालतात. म्हणून पेरणीनंतर 35 ते 45 दिवसांनी शेतात पाच ठिकाणची झाडं कुदळीने मातीसकट उचला. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं पाण्यात अलगद धुवा आणि मोठ्या गाठी नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे. हिरवट, राखाडी किंवा पांढरं दिसलं तर नाही. कारणं सहसा ठरलेली: पाणी साचणं, युरिया जास्त पडणं किंवा बीजप्रक्रियेचा (पेरणीआधी बियाण्याला औषध लावण्याचा) क्रम उलटा होणं. बरोबर क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू खत शेवटी. बी सावलीत सुकवून लगेच पेरायचं.

गोठ्याकडे बघितलं तर जनावरामागे रोज 10 किलो शेण धरून तिघांचं वर्षाला 11 टन होतं. कुजून चार-साडेचार टन उरतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात टनाला 5 किलो नत्र असतं, म्हणजे वीस-बावीस किलो. उघड्या उकिरड्यावर त्यातलं बरंचसं उन्हात उडून जातं. शिवाय जनावर बाहेर टाकतं त्या नत्राचा साधारण निम्मा भाग मूत्रात असतो आणि तो जमिनीत मुरतो. गोठ्यात भुसकट अंथरलं की तो धरून ठेवता येतो. पण तेच भुसकट वर चाऱ्यात धरलं आहे! म्हणून अंथरायला गव्हाणीतलं उष्टं घ्यायचं, खाण्याजोगं नाही.

जुन्या रीतीला आधी कारण विचारा

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1975 पासून ज्या सहा गावांत शेतकरी कुटुंबांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, त्यांत दोन सोलापूर जिल्ह्यातली (शिरापूर आणि कळमण) आणि दोन अकोला जिल्ह्यातली होती. सोलापूरकडे भारी रान खरिपात मोकळं ठेवतात. बाहेरच्याला ते वाया गेलेलं दिसतं. पण तिथला जुलै-ऑगस्टचा पाऊस भरवशाचा नाही, ओल्या काळ्या रानात आऊत चालत नाही, आणि मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी हमखास येते. खात्रीच्या पावसाच्या भागासाठी बेतलेली दोन पिकांची रुंद वरंबा-सरी पद्धत (रुंद वाफ्यावर पीक, मध्ये पाणी काढायला सरी) तिथे जशीच्या तशी बसली नाही.

पट्ट्यांवर चाचणी

समजा भारी रानात ज्वारीच्या जुन्या मालदांडी वाणाऐवजी फुले वसुधा हे वाण घ्यावं का, हा प्रश्न आहे. 45 सेंटिमीटरच्या तिफणीचे चार फेरे म्हणजे 12 ओळींचा एक पट्टा. असे पट्टे जुनं-नवं-नवं-जुनं या क्रमाने घाला, म्हणजे जमिनीच्या उतारामुळे पडणारा फरक कटतो. जागा असेल तर हाच क्रम दुसऱ्या वेळी घाला. खत, पेरणीचा दिवस, कोळपणी सगळं सारखं.

काढणीला मधल्या सहाच ओळी घ्या. कडेच्या ओळींना शेजारच्या वाणाचा त्रास किंवा फायदा मिळतो. सहा ओळींची रुंदी 2.7 मीटर, 37.5 मीटर लांबी मोजून खुंट्या ठोका, बरोबर एक गुंठा होतो. आलेल्या किलोंना 40 ने गुणलं की एकरी उतारा. दाणा आणि वाळलेला कडबा दोन्ही तोला. दाण्याची ओल वेगळी असेल तर 12 टक्क्यांवर आणा: 16 टक्के ओलीचे 16 किलो म्हणजे 16 × 84 ÷ 88, सुमारे 15.3 किलो.

चाचणी फसते ती पाखरांमुळे. आधी निसवलेल्या (कणीस बाहेर पडलेल्या) पट्ट्यावर शिवारातली सगळी पाखरं उतरतात आणि वाण वाईट ठरतं. राखण ठेवा, नाहीतर नुकसान वहीत लिहा. बंदिस्त वाफ्यांची (चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवण्याची) चाचणी असेल तर वरच्या पट्ट्याचं पाणी खालच्यात उतरतं, तिथे मध्ये उंच बांध हवा.

शेजारशेजारच्या जुन्या-नव्या पट्ट्यांच्या सगळ्या जोड्यांत नवं वरचढ ठरलं तरच फरक धरायचा. निम्म्या जोड्यांत इकडे आणि निम्म्यांत तिकडे असेल तर दोन्ही सारखी. मग चार आकडे मांडा: वाढलेलं उत्पन्न आणि वाचलेला खर्च एकीकडे, बुडालेलं उत्पन्न आणि वाढलेला खर्च दुसरीकडे. बुडालेल्या कडब्याची किंमत मेच्या भावाने लावायची, काढणीच्या नाही. घरच्या माणसांच्या दिवसांना गावातली मजुरी लावा.

एका चांगल्या पावसाच्या वर्षावर निर्णय घेऊ नये. एक ओढीचं, म्हणजे पावसाने ताण दिलेलं, वर्ष वहीत येईपर्यंत नवी रीत पाव हिश्शापुरतीच ठेवा, म्हणजे दोन एकरांतल्या 20 गुंठ्यांवर, आणि त्या वर्षी कडबा किती विकत घ्यावा लागला ते त्याच पानावर लिहा.